वर येताना दम सोड

साहेब, काळूरामला पाण्याने मारलं नाही. तुम्ही मारलं.

तुमच्या अहवालात लिहिलंय, बुडून मृत्यू. त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे: 'मृत इसमाने दिलेल्या सूचनांचे पालन केले नाही.' तुमचा माणूस गावात येऊन हे वाचून दाखवत होता तेव्हा ओटीवरच्या बायका रडायच्या थांबल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. काळूराम आणि बुडून? खाडीच्या तळातून उभं आयुष्य रेती काढलेला माणूस खदानीत बुडतो? तुमच्या माणसाने घसा खाकरला, कागदाची घडी घातली आणि जीप चालू केली.

मी राघो. काळूरामच्या होडीवर दोरी माझ्या हातात असायची. तो गेला त्या दिवशीही मी काठावरच होतो, तुमच्यापासून हातभर अंतरावर. तुमच्या अहवालात माझं नाव नाही. पण मी सगळं बघितलंय, आणि आता ते सांगणार आहे.

आधी आमचं काम सांगतो. ते कळल्याशिवाय तुम्हाला तुमचा गुन्हा कळायचा नाही.

मानकोलीच्या खाली, खाडीला लागून आमचं गाव. सक्शन पंप आले त्याच्या आधी खाडीतली रेती माणसं काढायची. होडी नांगरायची, तळात लांब बांबू रोवायचा आणि डुबी मारणाऱ्याने त्या बांबूला धरून खाली जायचं. हातात लोखंडी बादली. खाली काळोख, डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय. चाचपडत बादली भरायची, दोरीला हिसका द्यायचा. की वरचा दोरीवाला जीव खाऊन ओढणार, आणि बादलीच्या मागोमाग माणूस वर. दिवसभर हेच. कान फुटायचे, डोळे लाल व्हायचे, पण घरं त्यावरच उभी राहिली.

या कामाचं सगळं शिक्षण एका गोष्टीत होतं. दम धरायचा. पाण्याखाली असेपर्यंत दम सोडायचा नाही, तोंड पाण्याबाहेर आल्यावरच सोडायचा. हे शिकवायला चिंधूनाना. आमच्या दोन पिढ्या त्यांनी पाण्यात ढकलल्या. नवीन पोराला गळाभर पाण्यात उभं करून त्याचं डोकं खाली दाबायचे, आणि वर बुडबुडा दिसला की पोर वर आल्याआल्या टाळक्यात टपली. ज्याचे बुडबुडे दिसले त्याला सगळी होडी दिवसभर 'बुडबुड्या' म्हणायची आणि चहाही त्यानेच करायचा. मी तो चहा पुष्कळ केला, म्हणून तर मला दोरीवर बसवलं. काळूरामने एकदाही केला नाही. हा आईच्या पोटातून दम धरूनच आलाय, असं नाना म्हणायचे.

त्यामुळे खाडीत, नदीत, खदानीत कोणी गेलं की पोलीस काळूरामला हाक मारायचे. तो जायचा. खाली जाऊन माणूस शोधायचा, दोरी बांधायचा, वर यायचा. घरी आला की त्याची बायको गुणावैनी त्याला अंगणातच उभा करून अंगावर कढत पाणी ओतायची आणि विचारायची, कोणाचा होता? तो म्हणायचा, कोणाचा तरी व्हता. याच्यापुढे त्या घरात त्या विषयावर बोलणं होत नसे.

मग दोन हजार पाचचा जुलै आला. पाणी चढलं, माणसं पत्र्यांवर बसली, आणि पाणी उतरल्यावर तुम्हा सरकारी साहेबांना जाग आली आणि तुमच्या हाताखाली बचाव पथक उभं राहिलं. रबरी बोटी आल्या. नारिंगी जाकिटं आली. दोन स्कुबा सेट आले. मैदानात मांडव घालून फीत कापलीत. पथकाचा माल सांभाळणाऱ्या तुमच्या गोदामवाल्याने एक टाकी पाठीला लावून तलावात डुबकी मारून दाखवली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग सगळा माल गोदामात गेला आणि त्यावर ताडपत्री पडली.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगर फोडून सोडून दिलेल्या एका खदानीत लूमवर काम करणारा यूपीचा एक माणूस आंघोळीला उतरला तो वर आला नाही. त्याचा भाऊ शिफ्टच्या कपड्यांतच काठावर बसलेला. अंगावर कापसाचा भुगा तसाच. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, भाई अंदर है. काळूरामने आपल्या रीतीने दोन डुब्या मारल्या. वर येऊन म्हणाला, तळ लागत न्हाय. खाडी असती तर लागला असता. खदान खोल, आणि खाली पाणी बर्फासारखं.

तेवढ्यात तुम्ही आलात. सोबत टीव्हीवाले. कोणीतरी तुम्हाला विचारलं की स्कुबा घेतलेत त्यांचं काय झालं. तुम्ही गोदामवाल्याला फोन लावलात, जीप आली. सेट आले, पण ते लावून खाली जाणारा एक माणूस तुमच्या पथकात नव्हता. ज्याने तलावात डुबकी मारून दाखवली होती तो खदानीचं पाणी बघून दोन पावलं मागे सरकला. मग तुमचं बोट काळूरामकडे गेलं.

शिकवणी किती वेळ चालली ते सांगू का? मी बिडी पेटवली होती, ती निम्मी व्हायच्या आत शिकवणी संपली. हे तोंडात धर, श्वास घे, झालं. पाठीवर टाकी, पट्टे आवळले. नळीच्या टोकाला हवा किती आहे ते दाखवणारा एक काटा लोंबत होता, तो कोणी उलटून बघितला नाही. तलावातल्या डुबकीनंतर ती टाकी पुन्हा भरलेलीच नव्हती हे आम्हाला फार नंतर कळलं. तोंडात धरायच्या तुकड्यासारखाच आणखी एक पिवळा तुकडा बाजूला लटकत होता. मी विचारलं, हा कशाला? गोदामवाला म्हणाला, स्पेअर असेल. दुसरा सेट जीपमध्ये प्लास्टिकमध्येच होता, आणि मी त्याच्याकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला, एकाने होतंय, दुसरा कशाला खराब करायचा.

काळूरामने एकच प्रश्न विचारला.

"साहेब, ही हवा संपली तर?"

तुम्ही हसलात. "एवढ्यात संपत नाही रे. आणि तू तर मासाच आहेस."

लोक हसले. काळूरामही हसला. हातात दोरी एकच होती, ती खाली माणसाला बांधायला त्याने घेतली, दुसरं टोक माझ्याकडे. त्याच्या कमरेला दुसरी बांधा असं मी म्हणालो तर तुमचं उत्तर तयार होतं, आता दोरी कशाला, हवा पाठीवर आहे.

तो गेला. पाण्यावर बुडबुडे येत राहिले, पण थांबून थांबून. मला कळलं, हा हवा राखून वापरतोय. सवयच ती. मग माझ्या हातातल्या दोरीला हिसका बसला. माणूस बांधून झाला. आणि त्याच्यानंतर बुडबुडे बंद झाले.

पाणी असं झालं की वरचं आभाळ त्यात जसंच्या तसं दिसावं. काठावरचा एक जण म्हणाला, दम धरला वाटतं. बरोबर म्हणाला. काळूरामने दमच धरला होता.

बादलीत दाबून धरलेला रिकामा डबा सुटावा तसा तो वर आला. कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळला. तोंड गच्च मिटलेलं, गाल फुगलेले. नळी बाजूला तरंगत होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं, आणि तोंडातून गुलाबी फेस आला. पोहायला त्याने उजवा हात मारला. डावा हललाच नाही. मी उडी टाकली, त्याला दगडावर ओढला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ओठ हलत होते, पण नुसताच घरघर आवाज. गाडी यायच्या आत तो गेला.

मग कोणीतरी दोरी ओढली. त्याने मारलेली गाठ सुटली नव्हती. यूपीचा माणूस वर आला. दोघांना एकाच दगडावर ठेवलं. त्याचा भाऊ आपल्या भावाकडे गेला नाही, काळूरामचे पाय धरून बसला. तेव्हा तुम्ही टीव्हीवाल्यांना कॅमेरा बंद करायला सांगत होतात.

सरकारी दवाखान्यात चिरफाड करणाऱ्या डॉक्टरने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. तरुण होता, त्याच्या डोळ्यांत भीती होती. म्हणाला, छातीत पाणी नाही. फुप्फुस फाटलंय. असं का झालं ते मला सांगता येणार नाही, मी असं कधी बघितलं नाही. मी म्हणालो, लिहा ना मग तसं. तो म्हणाला, मी लिहितो. त्याने लिहिलं असेल. तुमच्या अहवालापर्यंत ते पोचलं नाही.

*

बारावं झालं. तुम्ही गुणावैनीच्या दारात आलात आणि मोठ्या मनाने सांगितलंत, पोराला पथकात घेतो. काळूरामचा मनोज तेव्हा मानकोलीच्या गोदामात माल चढवायला जायचा. अंगाने बापासारखा, दमही बापासारखा. पथकाचा टीशर्ट मिळाला. आणि त्याच्या नावावर तोच सेट आला. तीच टाकी, तोच काटा.

गुणावैनी त्या संध्याकाळी माझ्या घरी आली. बसली नाही. माझी बायको पाणी घेऊन आली, तिने तांब्याला हात लावला नाही.

"राघोभावजी, पोरगा मना ऐकाचा न्हाय. बापाचा काम हाय बोलतंय. तुमी एक करा. तो कसा मेला ता शोधून काढा. ता कळला तर पोराला शिकवा. न्हाय कळला तर त्याचे पाय मोडा, मी घरात बसवून त्याला पोसीन."

दोनच रस्ते दिले तिने मला. मी दुसऱ्या दिवशी मनोजला घेऊन निघालो.

टाकी भरायला मुंबईला जावं लागतं, हेही आम्हीच शोधलं. बंदराच्या बाजूला एक जण टाक्या भरायचा. नौदलात पाणबुडे तयार करण्यात हयात गेलेली, आता निवृत्त. आडदांड माणूस, केस पांढरे, बोलणं तुसडं. टाकी उलटीपालटी करून बघितली, गंज खरवडला, शिवी घातली. मग मनोजला म्हणाला, "खाली आहेस आणि हवा संपली. काय करशील?"

"दम धरून सुटेन वर," मनोज म्हणाला. जरा ऐटीतच.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग मरशील."

मी म्हणालो, याचा बाप असाच गेला. त्याने विचारलं, कसा? मी सगळं सांगितलं. उसळून वर आला, गाल फुगलेले, फेस, डावा हात. तो मान खाली घालून ऐकत होता. नंतर त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला, आणि आवाज खाली आणून समजावलं.

तुम्ही डुबीवाले वरून दम घेऊन जाता. खाली पाणी छाती दाबतं, छातीतली हवा आकसते. वर आलात की ती होती तेवढीच होते. वरची हवा, वर परत. त्यामुळे तुम्ही दम धरलात तरी छातीला काही होत नाही. पण टाकीतली हवा तुम्ही खाली घेता. ती खालच्या दाबाने भरलेली. दहा मीटरवर छाती भरून घेतलीत आणि तोंड मिटून वर आलात, तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट होते.

"दुप्पट हवेला छातीत जागा कुठे आहे?" तो म्हणाला. "फुप्फुस फाटतं, हवा रक्तातून डोक्यात जाते, आणि अर्धं अंग लुळं पडतं."

मनोजचा चहा हातातच राहिला. "मंग सोडायची?"

"सोडत राहायची. पाण्याबाहेर येईपर्यंत. आऽऽ म्हणत ये. संपेल म्हणून भिऊ नकोस, तू सोडशील तशी ती आत फुगतच असते."

आणखी पुष्कळ सांगितलं त्याने. उतरायच्या आधी काटा बघायचा. काटा अर्ध्यावर आला की परतायचं, संपायची वाट बघायची नाही; टाकीतली शेवटची हवा कामाची नसते, घरी यायची असते. एकट्याने कधीच जायचं नाही. तो पिवळा तुकडा स्पेअर नाही, सोबत्याचा आहे. एकाची संपली तर दुसऱ्याने तो त्याच्या तोंडात द्यायचा आणि दोघांनी मिळून वर यायचं. तोंडातला तुकडा थुंकायचा नाही, कारण वर येताना रिकामी वाटणारी टाकीसुद्धा एखादा श्वास देते. आणि वर यायचं ते आपल्या बारीक बुडबुड्यांच्या मागून. त्यांच्या पुढे जायचं नाही.

चहा निवायच्या आत एवढं सगळं सांगून झालं, साहेब. फीत कापताना तुम्ही केलेलं भाषण याहून मोठं होतं.

 येताना गावाच्या फाट्यावर उतरल्यावर मनोज म्हणाला, "काका, म्हंजे बाबांनी तोंड उघडला असता तर..."

*

खरी अडचण पुढे होती. आईच्या पोटात असल्यापासून जे अंगात मुरलंय ते चहा पिता पिता जात नाही. मनोजला सगळं पाठ झालं. पण पाण्याखाली गेला की तोंड आपोआप गच्च. आम्ही खाडीत पुन्हा बांबू रोवला. टाकी नाही, काही नाही, नुसतं खाली जायचं आणि वर येताना आऽऽ करत यायचं. दोन हात वर आला की त्याचं तोंड मिटायचं. काठावर जमलेले आमचेच लोक हसायचे. बुडबुड्या, चहा टाक. काळूरामचा पोरगा आणि बुडबुडे सोडतंय.

चिंधूनाना तिथेच बंदरावर बसलेले असत. एक कान डुबीने नेलेला, दुसऱ्यात ओरडून सांगावं लागतं. दोन दिवस त्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी काठी टेकत आले आणि मला म्हणाले, हा काय खेळ लावलाय? पोराचा दम कनाला मोडतंय?

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मुंबईत जे ऐकलं ते सगळं ओरडून सांगितलं. अख्ख्या काठाने ऐकलं. नाना काठीवर भार देऊन माझ्याकडे वळले.

"मंग मीच मारला काय रं त्याला?" त्यांनी विचारलं. "मीच शिकवला, दम सोडाचा न्हाय."

"न्हाय नाना," मी म्हणालो. "तुमी तुमच्या पाण्याचा शिकवला, तो बरोबर शिकवला. टाकी ज्यांनी आणली, टाकीचा त्यांनी शिकवायचा व्हता."

त्यांनी ऐकलं की नाही कोणास ठाऊक. उठले, धोतर खोचलं आणि त्या वयात गळाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. मनोज खाली गेला. वर येताना त्याचे बुडबुडे तुटले तसा नानांनी पाण्यात हात घालून त्याच्या टाळक्यात टपली मारली. "सोड. सोड सांगतंय ना." दुसऱ्या डुबीला पुन्हा टपली. ज्या हाताने दम धरायला शिकवला त्याच हाताने नाना दम सोडायला शिकवत होते. संध्याकाळपर्यंत बुडबुड्यांची एक सलग माळ वर आली, आणि तिच्या मागून तोंड उघडं ठेवून आऽऽ करत मनोज.

त्या दिवसापासून आमच्या बंदरावर नियम फिरला. ज्याचे बुडबुडे दिसले नाहीत त्याने चहा करायचा.

मलाही शिकावं लागलं. माझे हात हिसका बसला की जीव खाऊन ओढणारे. नाना पाण्यात उभे राहून मला सावकाश ओढायला ओरडायचे, हलू, हलू, बुडबुड्यांच्या मागून.

*

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर रस्त्याच्या कडेच्या एका खदानीत मागे घेताना ट्रक गेला. ड्रायव्हर आत. तुम्ही मनोजला बोलावलंत. आमचं गाव टेम्पोत बसून मागोमाग आलं. गुणावैनीही आली, तिला कोणी थांबवलं नाही.

मनोजने आधी तुम्हाला विचारलं, दुसरा सेट कुठाय? दुसरा सेट शेजारच्या तालुक्यात प्रात्यक्षिकाला गेलेला. मग त्याने काट्याचं विचारलं. हा काटा अडकतोय, दुरुस्त करून द्या, हे तो महिनाभर तुमच्या ऑफिसात सांगत होता. तुम्ही म्हणालात, झालाय दुरुस्त. मी काटा बघितला. टाकी भरलेली दाखवत होता. मनोज म्हणाला, एकटा जात न्हाय मी, साहेब. सोबती द्या.

तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "तुझा बाप एकटा गेला होता."

पोराने टाकी उचलली. मी त्याचा हात धरला तर म्हणाला, दोरी तुमच्याकडे हाय ना काका, मग झाला. मी दोरी त्याच्या कमरेला बांधली. गाठ दोनदा तपासली. गुणावैनी माझ्या मागे येऊन उभी राहिली, नाना माझ्या शेजारी दगडावर बसले.

तो खाली गेला. बुडबुडे येत राहिले, एकसारखे, मोकळे. हवा राखत नव्हता, नीट श्वास घेत होता. पाण्यावर डिझेलचा तवंग पसरला होता, त्यात ते बुडबुडे फुटायचे. मग त्यांची लय बिघडली. एक मोठा. मग थोडं थांबून बारीक बारीक. आणि माझ्या हाताला आमचा ठरलेला हिसका बसला, हवा संपल्याचा.

मी ओढायला लागलो. हलू.

आयुष्यात एवढं जड काम मी केलं नाही. हात म्हणत होते, ओढ. मागून लोक ओरडत होते, ओढ, ओढ. तुमचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता, अरे ओढ ना, मरेल तो. खाली एक पोरगा हवेशिवाय, आणि मी दोरी सावकाश गोळा करतोय.

"दिसतात काय रं?" नाना विचारत होते. त्यांना धड दिसतही नव्हतं. "राघो, दिसतात काय?"

मला दिसत नव्हते. तवंग हलत होता, त्यात काही कळेना. मी हात थांबवला. मागे गुणावैनीचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मग तवंगाला भोक पडलं. एक बुडबुडा, त्याच्यामागे दुसरा, आणि मग माळ. न तुटणारी, पिठासारखी बारीक माळ.

"दिसतात नाना," मी म्हणालो, आणि माळेच्या मागून दोरी घेत गेलो.

तो उसळला नाही. आधी केस दिसले, मग कपाळ. तुकडा दातांत धरलेला, त्याच्या दोन्ही बाजूंनी ओठ फाकलेले, आणि त्यातून घोगरा आऽऽ, सगळ्या खदानीत घुमणारा. तुकडा थुंकून त्याने श्वास घेतला. पुन्हा घेतला. दोन्ही हात मारत काठाला आला. दोन्ही.

गुणावैनी पातळ न सावरता गुडघाभर पाण्यात गेली. त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिली.

"सोडलास?"

"सोडला."

तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीवरचे पट्टे सोडवले. टाकी फरफटत आणली आणि तुमच्या बुटांपाशी ठेवली. मी काटा उलटून तुम्हाला दाखवला. आठवतंय? टाकीत फुंकर मारायला हवा उरली नव्हती, आणि काटा तेव्हाही भरलेलीच दाखवत होता.

तुम्ही काट्याकडे बघितलं नाही. बाजूच्या माणसाला म्हणालात, बाप वाघ होता, पोरगं बोंबलत आलं. तो हसला. आठवड्याच्या आत मनोजला पथकातून काढलंत. कारण काय, तर घाबरट आहे आणि आज्ञा पाळत नाही.

तो आता पुन्हा गोदामात माल चढवतोय. गुणावैनी रात्रीची झोपते. आमचं आम्ही शिकलो, आमचा पोरगा आम्ही राखला, तुमच्याकडे त्यासाठी काही मागायचं नाही.

पण आता तुम्ही नवीन सेट घेतलेत आणि वज्रेश्वरीच्या रस्त्याला पाड्यापाड्यांवर जाऊन पोरं निवडताय. त्यातल्याच एका पाड्यावरचा देवरामचा भरत तुम्ही निवडलाय. नदीच्या डोहात बुडी मारून हाताने मासे धरणारी ही पोरं. तुम्हाला ती आवडली, कारण त्यांचा दम मोठा आहे. साहेब, हाच मोठा दम त्यांना मारणार आहे. भरत मागच्या रविवारी आमच्या बंदरावर आला होता. मी त्याला विचारलं, खाली हवा संपली तर काय करशील? तो लाजत हसला आणि म्हणाला, दम धरीन की. त्याला आम्ही पाण्यात घेतलंय. नाना टपल्या मारतायत. पण बाकीच्यांचं काय? ती आमच्या बंदरावर येणार नाहीत. ती तुमच्या जीपमध्ये बसून थेट काठावर जाणार.

म्हणून तुमच्या अहवालातल्या त्या ओळीवर परत येतो. दिलेल्या सूचनांचे पालन केले नाही. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. काळूरामने विचारलेला प्रश्न मी ऐकला, तुमचं हसणं ऐकलं. सूचना मी ऐकली नाही. तुम्ही दिली असेल तर ती आता पुन्हा द्या. गावात या, त्याच ओटीवर उभे राहा, गुणावैनीच्या तोंडाकडे बघा आणि मोठ्याने सांगा.

हवा संपली तर काय करायचं, असं त्याने विचारलं होतं. तुम्ही त्याला कोणती सूचना दिली होती?